हील त्यांची तुटते, बोलणी आम्ही खातो

सँडलची हील तुटली की पहिला प्रश्न बाईलाच. "अशी कशी चाललीस?" दुसरा, "कशाला घालायच्या असल्या उंच चपला?" तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही. बाराशे रुपये मोजून घेतलेल्या या वस्तूच्या आत बनवणाऱ्याने घातलं काय होतं?

तो प्रश्न मी विचारणार आहे. डोकं फिरलंय माझं.

मी भुसावळहून जळगावला गाडीने येऊन-जाऊन नोकरी करते. साडीवर बरी दिसेल अशी, अडीच इंचांची सँडल. यात काही चैन नाही. गेल्या आठवड्यात स्टेशनच्या पुलावरून उतरताना उजव्या पायाची हील मुळापासून उखडली. कठडा हातात होता म्हणून वाचले. मागून येणाऱ्या एक आजी घाबरून म्हणाल्या, "काय व्हयनं वं माय? लागनं का?" नाही लागलं. पण कडेवर लेकरू असतं तर? माझ्या जागी सात महिन्यांची गरोदर बाई असती तर? त्या पायऱ्यांवरून गडगडत गेली असती, आणि लोक पुन्हा तेच म्हणाले असते, कशाला घालायच्या असल्या चपला!

स्टँडजवळ कडुनिंबाखाली एक बाबा चपला शिवायला बसतात. त्यांच्यासमोर ती सँडल ठेवली. त्यांनी रापीच्या टोकाने आतलं गुळगुळीत अस्तर सोललं आणि मला म्हणाले, "बघा ताई, तुम्हीच बघा." बघितलं. टाचेखाली पुठ्ठा. साधा, पावसाळ्यातल्या पापडासारखा मऊ पडलेला पुठ्ठा. त्यात तीन बारीक खिळे, तेही एकाच बाजूला, आणि मध्ये वाळलेल्या सोल्यूशनचा पिवळा डाग. स्क्रू नाहीच. बाबांनी खिळा चिमटीत धरून वर ओढला, तो पक्कड न लावता हातात आला. "खिळा गुळगुळीत आहे. याला धरायला काही नाही," म्हणाले.

हील कशी बसवतात हे काही गुपित नाही. टाचेच्या आतल्या बाजूने, बरोबर मध्यावर एक स्क्रू जातो आणि त्याच्याभोवती चार-पाच खिळ्यांचं कडं मारतात. खिळे साधे नसतात, त्यांच्या अंगावर आडवे कंगोरे असतात, म्हणजे हीलच्या प्लॅस्टिकमध्ये गेले की परत निघत नाहीत. हे सगळं ज्यातून आरपार जातं तो टाचेखालचा बोर्ड घट्ट दाबलेल्या फायबरचा लागतो. सोल्यूशन लावतात, पण ते मदतीला. भार खिळ्यांनी आणि स्क्रूने पेलायचा. आपल्या बाजारात येणाऱ्या स्वस्त मालात नेमकं उलटं केलेलं असतं. सगळा भार सोल्यूशनवर, खिळे नावाला.

आणि सोल्यूशन कुठे? जळगावात! जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, गाडीच्या सीटवर हात ठेववत नाही, आणि हा माल विकायच्या आधी पत्र्याच्या गोडाऊनमध्ये महिनोन्महिने पडलेला असतो. उष्णतेने चिकटपणा ढिला पडतो हे शाळकरी पोराला कळतं. चांगलं चिकटवायचं तर आधी प्लॅस्टिकचा पृष्ठभाग खरवडावा लागतो, प्रायमर लावावा लागतो, सोल्यूशन वाळू देऊन मग गरम करून दाबावं लागतं. या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. तो वेळ वाचवला की पैसे वाचतात. ते पैसे त्यांचे, पाय आमचे.

अजून एक चोरी दिसतसुद्धा नाही. उंच टाचेच्या चपलेत टाच आणि चवडा यांच्यामध्ये पाऊल हवेत असतं. तिथे आतून पोलादाची एक वाकवलेली पट्टी घालतात, शँक म्हणतात तिला. ती टाचेपासून निघून चवड्याच्या थोडं अलीकडे संपते. ती असली की चप्पल मध्ये दबत नाही आणि हील जागची हलत नाही. ती नसली, किंवा नखाएवढ्या पातळ पत्र्याची असली, की प्रत्येक पावलागणिक चप्पल मध्यावर वाकते, हील थोडी मागे-पुढे डुलते आणि ते डुलणं खिळ्यांना रोज थोडं थोडं उपटत राहतं. मग एके दिवशी हील "अचानक" तुटते. अचानक काही नसतं हो! ती पहिल्या दिवसापासून तुटतच असते.

हीलच्या आत काय असतं तेही ऐका. चांगली हील एबीएस नावाच्या कडक प्लॅस्टिकची असते. बारीक, निमुळती असली तर आत पोलादी सळई किंवा नळी हवीच, कारण एवढं बारीक प्लॅस्टिक एकटं भार घेऊ शकत नाही. १९५० च्या दशकात युरोपात स्टिलेटो आल्या त्याच मुळी आत धातू घालता आला म्हणून. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आहे हा! आणि आज मला मिळते ती आतून पोकळ हील, भंगार प्लॅस्टिक वितळवून ओतलेली, खिळा मारला की तडकणारी. बाबांनी माझी हील उलटी करून दाखवली, वरच्या बाजूला केवढा खड्डा! खिळा जायला जागा म्हणजे कडेची पातळ भिंत. तिथे सूतभर चीर आधीच गेलेली.

पंचावन्न किलोच्या बाईने बारीक हीलवर पाऊल टाकलं की टाच टेकते त्या क्षणी जवळजवळ तिचा सगळा भार चौरस सेंटिमीटरभर जागेवर येतो. वरून सरळ येत नाही, तिरका येतो. आधी हीलला मागे ढकलतो, मग पुढे ओढतो. दिवसात हजारो वेळा. हे सगळं मोजायच्या चाचण्या आहेत जगात. हीलला बाजूने हातोडा मारून बघायची आहे, आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) १९९५३. लहान लहान ठोके सतत मारून ती कधी थकते ते बघायची आहे, आयएसओ १९९५६. हील चपलेपासून ओढून किती ताकदीला सुटते त्याची आहे, आयएसओ २२६५०. यंत्रं आहेत, पद्धत आहे. आपल्याकडेही १ ऑगस्ट २०२४ पासून पादत्राणांसाठी बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, गुणवत्ता आदेश लागू झाला. चांगलं झालं. पण मला ज्या दुकानात सँडल दाखवतात तिथे "यावर आयएसआय आहे का" विचारलं की पोरगा असा बघतो जणू मी हेल्मेट मागितलं.

टिपांबद्दल तर बोलूच नका. हीलच्या टोकाला असते ती टीप झिजायसाठीच असते, झिजली की बदलायची. मग ती चांगल्या पॉलीयुरेथेनची का नाही लावत? महिनाभरात झिजून आतली लोखंडी पिन बाहेर येते, आणि मग ऑफिसच्या टाइल्सवर टकटक टकटक. सगळं खातं मान वर करून बघतं आणि गुळगुळीत फरशीवर पाय सटकतो तो वेगळाच. नवी टीप बसवायला गेलं तर कुणाच्या पिनेचं भोक मोठं, कुणाचं बारीक. बाबांच्या डब्यात पसाभर टिपा आहेत, त्यातली एक माझ्या हीलला बसत नाही. तासून, काडी ठोकून बसवावी लागते. मालासोबत एक जादा जोडी द्यायला काय जातं? शर्टाला जादा बटण शिवून देतात ना!

आणि नवऱ्याचे बूट बघा. रुंद टाच, थरावर थर, झिजली की वरचा थर काढून नवा ठोकला, चालले परत. वर्षानुवर्षं. त्यांना कुणी म्हणत नाही, "भाऊ, हे पार्टीवेअर आहे, जास्त चालू नका." मला म्हणतात! चप्पल विकताना सांगतात, जास्त चालू नका!!

यावर कडी म्हणजे जपून ठेवलेल्या सँडलची गोष्ट. आमच्याकडे लग्नं उन्हाळ्यात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे एकेका घरात दोन-दोन लग्नं. माझ्या वहिनीने भारीतली सँडल डब्यात कागद घालून कपाटात ठेवलेली, तीनेक वर्षं, एकदाच घातलेली. पुतणीच्या लग्नात काढली आणि मांडवात पोहोचेपर्यंत सोलचा भुगा. अक्षरशः भुगा. लॉनवर काळे तुकडे पडत चाललेले, पाहुण्यांना वरण-बट्टी वाढायची सोडून ती अनवाणी चप्पल शोधतेय, आणि सासरची माणसं हसतायत. सगळे म्हणाले, "वापरली नाही म्हणून खराब झाली." म्हणजे वापरली तरी आमची चूक, ठेवली तरी आमचीच!

खरं कारण असं की सोलमधला पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा हलका फोम हवेतला ओलावा शोषतो आणि आतल्या आत तुटत जातो. घाला नाहीतर कपाटात ठेवा, बनल्या दिवसापासून त्याचं आयुष्य मोजायला सुरुवात होते, आणि दमट उष्ण हवेत ते अजून भराभर संपतं. रबराच्या किंवा टीपीआरच्या (रबरासारख्या प्लॅस्टिकच्या) सोलला हा रोग नाही. बनवणाऱ्याला हे ठाऊक असतं. मग बनवल्याचा महिना आणि वर्ष सोलवरच ठळक कोरा ना! डब्यावर छापलेलं काय कामाचं? बाजारात अर्धा माल डब्याविना, दोरीला टांगून विकतात.

परत द्यायला गेले तर ठरलेलं उत्तर, "फॅशनच्या मालाला गॅरंटी नसते ताई." कोणी सांगितलं? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वाचा. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असं त्यात स्पष्ट आहे. पण बिल? बिल म्हणजे कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवणं. म्हणून बायांनो, पक्कं बिल घ्याच, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी घ्या, आणि ऐकलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.

बाबांनी माझ्या सँडलला मध्ये एक जाड स्क्रू मारला, चार कंगोरेवाले खिळे मारले, पुठ्ठ्याच्या जागी जुन्या चामड्याचा तुकडा घातला. चहा पिऊन होईपर्यंत काम झालं. ऐंशी रुपये घेतले, तेही संकोचून. फुटपाथवर गोणपाटावर बसून जे ऐंशी रुपयांत होतं, ते कारखान्यात मशीनवर हजारोंनी बनवताना किती रुपयांत होईल? त्या रकमेसाठी तुम्ही आमचे घोटे मोडता?

आता दुकानात मी आधी रंग बघत नाही. सँडल टेबलावर ठेवते, हीलला अंगठ्याने मागून दाबते, बाजूने दाबते. डुलली की परत. मधोमध दोन्ही हातांनी वाकवून बघते, सहज वाकली की आत पट्टी नाही, परत. टाचेखालचं अस्तर उचलता आलं तर उचलून बघते. विकणारा पोरगा ओरडतो, "ताई, माल खराब होईल!" मी त्याला सांगते, दुकानात दाबून खराब होत असेल तर पुलावर माझं काय होईल? तो वैतागून मालकाला हाक मारतो. मारू दे. मालकालाच बोलायचं आहे मला.