टेकडी नक्की कुणाची?

बालभारती–पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून न्यायचा की नाही, हा वाद पुण्यात पेटला की इकडे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला माझा फोन वाजायला लागतो. टेकडीप्रेमी म्हणतात, "तुमच्याकडे बघ, भर शहरातला ज्वालामुखी कसा जपलाय!" रस्तेवाले म्हणतात, "संध्याकाळी सहाला लॉ कॉलेज रोडवर गाडी घालून दाखव, मग बोल." रस्तेवाल्यांचं गाऱ्हाणं खरं आहे. टेकडीप्रेमींचं कौतुक मात्र अर्धंच खरं.

तो ज्वालामुखी म्हणजे माउंगाव्हाऊ, अर्थात माउंट ईडन. उंची 196 मीटर, माथ्यावर सुमारे 50 मीटर खोल, हिरवळीनं भरलेलं विवर. इथल्या मूळच्या माओरी लोकांना ते पवित्र असल्यानं आत उतरायला बंदी. शेवटचा उद्रेक सुमारे 28 हजार वर्षांपूर्वीचा. शहराखालचं ज्वालामुखी क्षेत्र अजून जागं आहे, पण हा शंकू, म्हणजे ज्वालामुखीची ही टेकडी, थंडच राहणार. (आपल्या टेकड्याही लाव्ह्याच्याच, पण जमिनीला पडलेल्या भेगांतून वाहून थरांवर थर साचलेल्या, विवर शोधत बसू नये.)

पण याच शहरानं रस्ते आणि रेल्वेसाठी असे कितीतरी शंकू खणून नेले. थ्री किंग्ज इथल्या तीन मोठ्या शिखरांपैकी आज एकच उभं आहे. शंकू वाचवायचा कायदा 1915 सालीच झाला होता; खाणी त्यानंतरही चालू राहिल्या. वेताळ टेकडीवरची खाण पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

खरा फरक पडला 2014 साली. कायदा करून 14 शंकूंची मालकी माओरी जमातींकडे परत गेली आणि कारभार त्यांचे प्रतिनिधी व महापालिका यांच्या संयुक्त मंडळाकडे आला. माउंट ईडनच्या माथ्यावर गाड्या बंद झाल्या. ज्यांना चालणं जमत नाही त्यांच्यासाठी सवलत ठेवली. तरी भांडणं आहेतच. 2019 मध्ये याच मंडळानं माउंट अल्बर्ट या दुसऱ्या शंकूवरची 345 विदेशी झाडं तोडायचं ठरवलं, तेव्हा लोक तिथे ठिय्या देऊन बसले, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2022 मध्ये अपील कोर्टात मंडळ हरलं. म्हणजे मालक ठरला म्हणून त्याला मोकळं रान मिळालं, असंही नाही. पण जाब कुणाला विचारायचा हे लोकांना ठाऊक होतं.

आपल्याकडे टेकडीवर प्रेम सगळ्यांचं, सातबारा भलत्याचा. काही भाग वनखात्याचा, काही खासगी. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर 978 हेक्टरचं बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण टाकलं, पण मोबदल्याचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत राहिलं. पैसे न मिळालेला जमीनमालक टेकडी राखेल कशाला? म्हणून माझं टेकडीप्रेमींना सांगणं असं, की रस्त्याला विरोध जरूर करा, मीही तुमच्याच बाजूचा आहे. पण मोर्चात मोबदल्याची मागणीही ठेवा, आणि संपूर्ण टेकडीसाठी एकच मंडळ मागा. नागरिकही त्यात हवेत, नुसते अधिकारी नकोत.