पाण्यात विरघळली म्हणून अ‍ॅस्पिरिन डेंग्यूत चालत नाही

परवा रात्री आत्याचा फोन आला. “ह्यांचा डेंग्यू पॉझिटिव्ह आलाय गं. अंग फार ठणकतंय, म्हणून ती पाण्यात टाकायची गोळी देतेय. ग्रुपवर आलंय, हृदयालाही बरी असते.” तिला थांबायला सांगून मी चप्पल अडकवली आणि दोन गल्ल्या पलीकडे धावले. ओट्यावर ग्लास तयार होता. बुडबुडे थांबले होते, तळाशी पांढुरका साका. तो बेसिनमध्ये ओतला आणि मगच मेसेज वाचला.

मेसेज असा: डेंग्यू हृदयावर जातो, म्हणून रक्त पातळ ठेवायला डिस्प्रिन घ्या. ती पाण्यात विरघळते, त्यामुळे पोटाला आणि प्लेटलेट्सना त्रास देत नाही. सोबत पपईच्या पानांचा रस प्या. ताप उतरला की धोका टळला.

डिस्प्रिन म्हणजे पाण्यात विरघळणारी अ‍ॅस्पिरिनच. यातलं ‘विरघळते, त्यामुळे’ वाचून माझं डोकंच फिरलं. मी फार्मसीच्या मुलांना विद्राव्यता, म्हणजे पदार्थ किती विरघळतो ते, शिकवते. साधी अ‍ॅस्पिरिन एक लिटर पाण्यात जेमतेम तीनेक ग्रॅम विरघळते. म्हणून विरघळणाऱ्या गोळीत कॅल्शियम कार्बोनेट आणि सायट्रिक आम्ल घालतात. पाणी लागलं की बुडबुडे येतात, गोळी फुटते, अ‍ॅस्पिरिनचा कॅल्शियम क्षार तयार होतो आणि तो सहज विरघळतो. एवढीच करामत. त्याने औषध रक्तात लवकर पोचतं, आणि पोचतं ते अ‍ॅस्पिरिनच. बुरशीवरचं इट्राकोनाझोल पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून ते सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या, विरघळायला मदत करणाऱ्या पदार्थाने द्रावणात आणतात, ते नीट शोषलं जावं म्हणून. विद्राव्यता वाढवली की औषध सौम्य होतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणारी पेशी. रक्तात गेलेली अ‍ॅस्पिरिन तिच्यातलं एक एन्झाइम कायमचं बंद करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही. सात ते दहा दिवसांचं तिचं आयुष्य, उरलेले सगळे दिवस ती अधूच. हृदयरुग्णाला रोज ७५ मिलिग्रॅम देतात, तेवढ्यानेही हे काम होतं. आत्याच्या ग्लासात तीनशेहून जास्त होतं. डेंग्यूत आधीच प्लेटलेट्स घसरतात. ज्या उरतात त्यांनाही निकामी करायचं?

पोटाबद्दल अर्धं खरं आहे. विरघळलेली गोळी जठराच्या अस्तरावर एकाच जागी चिकटून बसत नाही, त्यामुळे जळजळ कमी होऊ शकते. पण अस्तराचं संरक्षण अ‍ॅस्पिरिन रक्तातून जाऊनही कमी करते. रक्तस्रावाचा धोका तसाच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या डेंग्यू मार्गदर्शिकेत घरी सांभाळायच्या रुग्णासाठी स्वच्छ लिहिलंय: अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा त्या जातीची वेदनाशामकं देऊ नका, जठराचा दाह आणि रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून. विरघळणाऱ्या गोळीला त्यात सूट नाही. डायक्लोफेनॅकही त्याच जातीचं, घरात असेल तर तेही आत ठेवा.

हृदयाचं म्हणाल तर, हो, डेंग्यू हृदयावर जाऊ शकतो. हृदयाच्या स्नायूला सूज येते, ठोके मंदावतात किंवा अनियमित होतात. बहुतेकांचं आपोआप सुधारतं, काहींचं गंभीर होतं. पण हा गुठळीने येणारा हार्ट अटॅक नव्हे. डेंग्यूत रक्तदाब कोसळतो तो मुख्यतः केशवाहिन्यांतून रक्तद्रव, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बाहेर झिरपल्यामुळे, आणि त्यावर इलाज म्हणजे मोजून दिलेलं सलाईन. तेही जास्त झालं की फुप्फुसात पाणी साठतं, हृदयावर ताण येतो. यात रक्त पातळ करून काय साधणार? ज्यांना स्टेंट बसवलाय आणि अ‍ॅस्पिरिन आधीपासून चालू आहे, त्यांनी मात्र ती मनाने बंदही करू नये; त्याच दिवशी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं.

पपईच्या पानांनी काही छोट्या चाचण्यांत प्लेटलेट्स वाढलेल्या दिसल्या, हे मान्य. त्याने शॉक, म्हणजे रक्तदाब कोसळणं, टळतो किंवा जीव वाचतो हे सिद्ध झालेलं नाही.

राहिलं ‘ताप उतरला की धोका टळला’. उलट, तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो तेव्हाच रक्तद्रव झिरपायला लागण्याची भीती असते. जोरात पोटदुखी, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं किंवा अस्वस्थपणा, यातलं काहीही दिसलं की लगेच हॉस्पिटल गाठायचं.

आज पाचवा दिवस. सकाळी काकांचा ताप उतरला आणि आत्याने आनंदाने फोन केला. रक्ततपासणी पुन्हा करायला सांगितलीय, आणि रात्री मी तिकडेच झोपायला जातेय.