आपली दुपार बाराला होतच नाही

मे महिन्यातली गोष्ट. १३ मे, पुण्यातला शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते तो. पाचवीतून सहावीत गेलेली भाची सुट्टीला आमच्याकडे आलेली, म्हटलं चल तुला गंमत दाखवते, आणि स्वयंपाकघरातला एक उभा स्टीलचा डबा घेऊन आम्ही दोघी गच्चीवर जाऊन बसलो. ऊन म्हणजे काय विचारू नका. पावणेबारापासून ती डब्याकडे टक लावून बसली होती. बारा वाजले, मोबाईलवर बघितलं तर बरोब्बर बारा, आणि डब्याची सावली अजून दोन बोटं लांब, पश्चिमेला मस्त पसरलेली. "मावशी, बारा वाजले की, सावली का नाही गेली?" मी म्हटलं थांब, १२:३१ ला जाईल. आणि गेली. ती रेघ बारीक बारीक होत डब्याच्या बुडात शिरली आणि एक क्षण खरंच काही नव्हतं, डबा आणि ऊन, बस्स.

त्यावर तिने जे विचारलं त्यासाठी ही पोस्ट लिहितेय. ती म्हणाली, "पण दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो असं आम्हाला शिकवलंय."

मलाही तेच शिकवलं होतं. तुम्हालाही. आणि मला मनापासून वाटतं की हे एक वाक्य आपण मुलांना सांगणं थांबवलं पाहिजे, कारण ते पुण्यात खरं नाही, मुंबईत नाही, कोल्हापुरात नाही, रत्नागिरीत नाही, वर्षाच्या ३६५ दिवसांतल्या एकाही दिवशी नाही. मुलाने खरोखर अंगणात जाऊन बघितलं तर त्याला वाटणार आपलंच काहीतरी चुकतंय. पुस्तक बरोबर, डोळे चूक. मला याचं फार वाईट वाटतं.

आता कारण. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते म्हणजे तासाला १५ अंश, म्हणजे एक अंश फिरायला ४ मिनिटं. आपल्या सगळ्यांची घड्याळं चालतात ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर, जो मिर्झापूरजवळून जातो (हे आपण सगळ्यांनी 'रिकाम्या जागा भरा' मध्ये भरलंय, दोन मार्क मिळाले आणि विषय संपला). मुंबई आहे ७२.८ च्या आसपास. फरक साधारण पावणेदहा अंश, गुणिले ४, म्हणजे ३९ मिनिटं. मिर्झापूरला सूर्य त्या दिवशीच्या सगळ्यात उंच जागी येऊन गेला (तीच खरी दुपार) की मुंबईत यायला अजून ३९ मिनिटं, पुण्यात ३५ च्या आसपास, नागपूरला साडेतेरा. एवढंच. चौथीच्या मुलाला जमेल असा गुणाकार आहे, पण 'तुझ्या गावाचा रेखांश शोध आणि तुझी दुपार किती वाजता होते ते काढ' असा प्रश्न मला तरी शाळेत कधी कुणी विचारला नाही.

आणि ८२.५ च का, तर देश ६८ पासून ९७ अंशांपर्यंत पसरलाय, त्याचा जवळजवळ मध्य तो, शिवाय ८२.५ भागिले १५ केलं की साडेपाच येतं, ग्रीनिचपासून सुटसुटीत अर्ध्या तासाचा हिशोब. नेपाळने तर पावणेसहा घेतलंय, गौरीशंकर शिखराचा रेखांश ८६.२५, चारने गुणा, ३४५ मिनिटं, ५ तास ४५. आपल्या फोनमध्ये काठमांडूची वेळ १५ मिनिटांनी पुढे दिसते त्याच्या मागे अख्खा एक डोंगर उभा आहे, हे मला कळलं तेव्हा मी दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले होते.

पण खरी गोष्ट मुंबईची आहे. रेल्वे येईपर्यंत प्रत्येक गावाची आपापली वेळ होती आणि त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं, बैलगाडीला काय फरक पडतो. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, मग रेल्वेचं जाळं पसरत गेलं आणि गावोगावच्या वेगळ्या वेळांवर टाइमटेबल बनवायचं कसं हा प्रश्न आला, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. तिथे १७९२ पासून वेधशाळा होती आणि मद्रास मुंबई-कलकत्त्याच्या साधारण मधे पडतं. म्हणजे स्टेशनातलं घड्याळ मद्रासचं आणि स्टेशनाबाहेरचं मुंबईचं, दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक! १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनने सरकारी कामासाठी मद्रासची वेळ लावून पाहिली, लोकांनी इतका विरोध केला की दोनेक वर्षांत गुंडाळावी लागली.

मग १ जानेवारी १९०६ पासून आजची स्टँडर्ड टाइम आली. आणि मुंबई चिडली. गिरणी कामगार चिडले, आणि का चिडले ते समजून घ्या, आज आपल्याला वाटेल की घड्याळ ३९ मिनिटं पुढे केलं त्यात एवढं काय. भोंगा सकाळी अमुक वाजताच होणार, पण ते अमुक आता सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटं आधी येणार. थंडीत, अंधारात, चाळीतून उठून नळावर रांग लावून गिरणीच्या फाटकात पोचायचं ते ३९ मिनिटं आधी. कुणीतरी कुठेतरी बसून रेघ ओढतो आणि तुमची झोप कापली जाते, म्हणून ते रस्त्यावर आले. मला त्यांचं म्हणणं अगदी शंभर टक्के पटतं. महापालिकेनेही नवी वेळ मनापासून स्वीकारली नाहीच, जुनी मुंबई टाइम शहरात टिकून राहिली ती थेट १९५५ पर्यंत. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ ला सोडली. म्हणजे स्वातंत्र्य मिळालं, राज्यघटना आली, पहिली निवडणूक झाली तरी एका देशात दोन वेळा होत्या आणि लोक 'स्टँडर्ड की बॉम्बे?' असं विचारून भेटायचं ठरवत होते. तुमच्या घरात नव्वदीतलं कुणी मुंबईचं असेल तर प्लीज आजच विचारा, ही आठवण असलेली माणसं आता फार थोडी राहिलीत.

आता पुढचा धक्का, जो मला स्वतःला चाळिशीत बसला. ३५ किंवा ३९ मिनिटं हासुद्धा सरासरी आकडा आहे. सूर्य घड्याळासारखा चालत नाही. पृथ्वीची कक्षा थोडी लंबगोल, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि तेव्हा जोरात पळते, जुलैत लांब असते तेव्हा सावकाश, वर तिचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, या दोन्हींमुळे सूर्य कधी घड्याळाच्या १६ मिनिटांपर्यंत पुढे जातो कधी १४ मिनिटांपर्यंत मागे पडतो. त्यामुळे मुंबईची खरी दुपार नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ ला होते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३ ला, जवळजवळ एक! नागपूरकरांनो, तुमची दुपार नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराच्या दोन-तीन मिनिटं आधीच उरकते, त्यामुळे ते वाक्य महाराष्ट्रात थोडंफार कुठे खरं ठरत असेल तर तुमच्याकडे आणि पूर्व विदर्भात, तेही वर्षातले मोजके दिवस.

यातूनच ते जानेवारीतल्या अंधाराचं कोडंही सुटतं. २१-२२ डिसेंबर सगळ्यात लहान दिवस, नंतर दिवस तिळातिळाने वाढतो, बरोबर? मग संक्रांतीच्या आठवड्यात मुलांना स्कूल व्हॅनमध्ये बसवताना डिसेंबरपेक्षा जास्त काळोख का असतो? आयांना हे माहितीये, अगदी नक्की माहितीये, फक्त आपल्याला भास होतोय असं वाटून कुणी बोलत नाही. भास नाहीये. या काळात खरी दुपारच रोज थोडी थोडी पुढे सरकते त्यामुळे सूर्योदयही जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिरा होत जातो, अजून सहा-सात मिनिटांनी, आणि वाढलेला दिवस सगळा संध्याकाळच्या पदरात पडतो. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रोजची वेळ छापलेली असते, काढून बघा.

आणि भाषा बघा ना. दुपार म्हणजे दोन प्रहर. दिवसाचे चार प्रहर, त्यातले दोन संपले की सूर्य मध्यावर, ती दुपार. बारा हा आकडा त्या शब्दात कुठेही नाही! प्रहर म्हणजे मुळात आघात, टोला, आणि त्यातूनच पहारा आणि पहारेकरी. तास हा शब्द अरबी-फारसीतून आलाय, मूळ अर्थ धातूचं भांडं, वाडगा. घड्याळातला घट तर सरळ सरळ घडाच. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक, पाण्यावर तरंगत सोडायची, हळूहळू पाणी आत शिरतं आणि २४ मिनिटांनी ती बुडते, ती एक घटका, अशा ६० घटका म्हणजे एक दिवस. ते घटिकापात्र. 'त्याची घटका भरली' असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर ती वाटी आणायची, काठोकाठ आलेली, आता बुडणार. वाटी बुडाली की टोला द्यायचा, म्हणून तर आपण आजही विचारतो 'किती वाजले', हातातलं घड्याळ डिजिटल असो, कसलाही आवाज न करणारं असो, आपल्यासाठी वेळ वाजतेच. मला मराठीची ही गोष्ट इतकी आवडते की काय सांगू. आपण रोज पन्नास वेळा वापरतो त्या शब्दांत अख्खं तंत्रज्ञान तसंच्या तसं ठेवलंय आणि आपण व्हॉट्सॲपवर 'नासाने पण मान्य केलं' वाले खोटे मेसेज पुढे ढकलत बसतो. आश्चर्य वाटायला खोट्याची गरजच काय आहे, खरं इतकं भारी असताना.

एक घरचा किस्सा सांगते. माझं आजोळ राजापूरकडचं. देवळात रामनवमीला कीर्तन, पाळणा, मग सुंठवडा. माझ्या मामाने नवीन एचएमटीचं घड्याळ घेतलं होतं तेव्हाची गोष्ट, बारा वाजले तसं त्याने उठून सांगितलं, बारा झाले, पाळणा हलवा. बुवा गातच राहिले. गुरवकाका दीपमाळेपाशी उभे, खाली बघत. दीपमाळेच्या उत्तरेला फरशीत एक जुना दगड बसवलेला होता, सावली त्या दगडावर सरळ आली की ते हात वर करायचे आणि मग गुलाल उडायचा. मामा वैतागला, म्हणाला दरवर्षी पाऊण तास उशीर करतात. आजी म्हणाली, "उशीर नाही हो, अजून दुपार झाली नाही." आम्हा पोरांना वाटलं आजीला घड्याळ कळत नाही. आज हिशोब करते तर राजापूरला एप्रिलमध्ये खरी मध्यान्ह येते १२:३६ ते १२:४० च्या आसपास, म्हणजे तो दगड बरोबर होता, आजी बरोबर होती, आणि एचएमटीपण बरोबरच होतं, फक्त ते मिर्झापूरची वेळ सांगत होतं. आजीला हे सांगायला मी तीस वर्षं उशीर केला. मुंबईत मशिदीबाहेरच्या नमाजाच्या वेळांच्या बोर्डवर जवालची, म्हणजे सूर्य मध्यावरून ढळण्याची, वेळ लिहिलेली असते, तीही अशीच बाराच्या पुढची आणि ऋतूप्रमाणे सरकणारी, कारण तिथेही हिशोब सूर्याचाच. पंचांगातला अभिजित मुहूर्तही याच खऱ्या दुपारच्या दोन्ही बाजूंना चोवीस-चोवीस मिनिटं. देवळाला, मशिदीला माहितीये, शाळेला माहिती नाही, हे बरोबर आहे का?

ही नुसती गंमत म्हणून मी सांगत नाहीये. ईशान्य भारतातल्या लोकांसाठी हा रोजचा प्रश्न आहे. अरुणाचलच्या टोकाला दुपार आपल्या घड्याळाच्या अकराच्या आसपास होते, उन्हाळ्यात पहाटे चार-सव्वाचारलाच उजेड, आणि थंडीत ऑफिस सुटायच्या आधी मिट्ट काळोख. आसामच्या चहाच्या मळ्यांनी म्हणून स्वतःची 'बागान टाइम' ठेवलीये, घड्याळ एक तास पुढे. देशाची अधिकृत वेळ सांभाळणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये पूर्वेकडे ग्रीनिचपेक्षा साडेसहा तास पुढची वेगळी वेळ करता येईल असं मांडलं होतं. रेल्वेचा घोळ होईल, एका देशाला एकच वेळ हवी, असं म्हणणारेही आहेत आणि त्यात तथ्य आहे, सिंगल लाइनवर एका तासाची गफलत म्हणजे अपघात. तरी मला वाटतं की ऑफिस, शाळा यांच्या वेळा तरी तिकडे बदलायला काय हरकत आहे, आणि निदान आपण मुंबई-पुणेवाल्यांनी 'एवढं काय त्यात' म्हणू नये, आपलेच पणजोबा ३९ मिनिटांसाठी गिरणीच्या फाटकाबाहेर उभे राहिले होते.

शिक्षक मंडळी कुणी वाचत असाल तर एवढंच करा, शाळेच्या मैदानात एक सरळ काठी रोवा, साडेअकरा ते दीडपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण, सगळ्यात लहान सावली कधी होती ते मुलांनाच शोधू द्या. पैसे लागत नाहीत, नेट लागत नाही. फक्त 'बारा' हे उत्तर आधी सांगू नका.

भाचीने घरी जाऊन स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, ३० जुलै, १२:४१, कारण सूर्य परतीच्या वाटेवर पुण्याच्या डोक्यावरून पुन्हा एकदा जातो. जुलै म्हणजे ढग असणार, मी तिला सांगितलंय. ती म्हणाली, "असू दे, मी डबा लावून ठेवणार."