नांदणीची हत्तीण आणि नेमिनाथांचा रथ

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या जैन मठातील महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण जामनगरच्या वनतारा या प्राणी संगोपन केंद्रात गेली, तेव्हा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांच्या बोलण्यातही दुसरा विषय नव्हता. तीन दशकांहून अधिक काळ मठात वावरलेल्या हत्तिणीला निरोप देताना गावाने ढाळलेले अश्रू खरे होते, आणि आपले जनावर बड्या उद्योगसमूहाच्या दारी गेल्याची सलही समजण्यासारखी होती. मात्र न्यायालयाने विचारात घेतलेल्या तिच्या पायांच्या जखमा आणि तिचे एकटेपण यांची चर्चा त्या संतापात फारच थोडी झाली.

मला त्या दिवसांत सारखे नेमिनाथ आठवत होते. स्वतःच्या लग्नाच्या जेवणावळीसाठी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून बाविसाव्या तीर्थंकरांनी रथ मागे फिरवला. प्राणी सोडवून ते मांडवात परतले असते, तरी त्यांच्या दयाळूपणाला कोणी नावे ठेवली नसती. पण ज्या समारंभासाठी ती हिंसा होणार होती तो समारंभच, राजुलमतीशी ठरलेल्या विवाहासकट, त्यांनी सोडला आणि गिरनारची वाट धरली. जीवदया आणि अपरिग्रह, म्हणजे जवळ काही न साठवणे, यांची हीच गाठ दिगंबर मुनींच्या पिच्छीत, त्यांच्या मोरपिसांच्या कुंच्यात दिसते. बसण्यापूर्वी जागेवरची मुंगी हलकेच बाजूला सारण्यासाठी ती असते, तिची पिसे मोराने आपणहून गाळलेली असतात, आणि कमंडलू व शास्त्र सोडले तर मुनींजवळ दुसरी चीजवस्तू नसते. अशा परंपरेतल्या मठाने एका जिवंत प्राण्यावरील हक्कासाठी दिल्लीपर्यंत कोर्टकचेरी करावी, हे मला खटकते.

दादरच्या कबुतरखान्यात कबुतरांना दाणे टाकण्यावरून झालेला वाद त्याच पावसाळ्यातला. दाणे टाकणाऱ्याला पुण्य आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसांना विष्ठेची धूळ, अशा वाटणीत त्याग नेमका कोणाचा? लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात २००३ पासून कबुतरांना खाऊ घालण्यास बंदी आहे.

अर्थात इथल्या कायद्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ब्रिटनने २०२२ मध्ये खेकडे, शेवंडे आणि ऑक्टोपस यांनाही वेदना जाणवतात हे कायद्याने मान्य केले. पिंजऱ्यातल्या कोंबडीला किमान ७५० चौरस सेंटिमीटर जागा द्यावी, असा काटेकोर नियमही आहे. ती जागा म्हणजे ए-फोर आकाराच्या एका कागदापेक्षा फार मोठी नव्हे, आणि तेवढी मोजून दिली की ताटातले काहीही न सोडता मन निर्धास्त होते. सोडण्याचा विचार ज्यांच्या धर्माच्या मुळाशी आहे, त्या आपल्या लोकांकडून माझी अपेक्षा म्हणूनच अधिक आहे.

नांदणीजवळ पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला आहे. तसे झाले आणि महादेवी परतली, तर तिला पुन्हा मिरवणुकीत उभे करणार नाही, असे मठाने आधीच लिहून द्यावे. केरळातल्या इरिंजाडप्पिळ्ळी मंदिराने २०२३ मध्ये उत्सवासाठी यांत्रिक हत्ती स्वीकारला. जैनांच्या पंचकल्याणक उत्सवालाही तो चालायला हरकत नसावी.