चाळिशीतलं पदक आणि जन्मतारखेवरून ठरणारा गुन्हा

ऑलिम्पिक जवळ आलं की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच: पोहणं हा पंचविशीच्या आत संपणारा खेळ आहे, तिशी-चाळिशीत कोणी पदक मिळवत असेल तर एक तर औषधं घेतलेली आहेत, नाहीतर ती महागड्या स्विमसूटची कमाल आहे, आणि यातलं काहीच नसेल तरी तरुणांची जागा अडवलेलीच आहे. सोबत बहुधा चाळिशीत ऑलिम्पिक पदकं मिळवणाऱ्या अमेरिकी जलतरणपटू डारा टोरेसचा फोटो असतो.

एकेक मुद्दा घेऊ. सगळे सारख्याच वजनाचे नाहीत, त्यामुळे सगळ्यांना सारखी जागा मिळणार नाही.

"पंचविशीनंतर शरीर साथ देत नाही"

किती मीटरसाठी? हा प्रश्न न विचारताच दावा केला जातो, आणि गडबड तिथेच होते.

पन्नास मीटर फ्रीस्टाइल हा पुरुषांचा एकवीस-बावीस सेकंदांचा मामला आहे. कित्येक जण त्यात एकदाही श्वास घेत नाहीत. इथे दमसासापेक्षा उडी, पाण्याखालचा पहिला टप्पा, हाताची पकड आणि भिंतीला हात लावण्याची वेळ महत्त्वाची. शिवाय पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती साधारण घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग १ टक्का वाढवायचा तर ताकद सुमारे ३ टक्के जास्त लावायची. त्यापेक्षा अंग पाण्यात जास्त सरळ, जास्त निमुळतं ठेवून विरोधच कमी करणं स्वस्त पडतं. हे कसब वर्षानुवर्षं घोटून येतं, आणि वयाबरोबर लगेच जात नाही. त्यात धावताना गुडघ्यांना बसतात तसे हादरे पोहताना बसत नाहीत.

म्हणून मोठ्या वयाची नावं बघा, ती बहुतेक छोट्या अंतरातच सापडतील. अँथनी एर्विनने २००० साली सिडनीत ५० मीटरचं सुवर्ण विभागून घेतलं, मधली कित्येक वर्षं तो स्पर्धांपासून लांब राहिला आणि २०१६ मध्ये रिओत वयाच्या ३५व्या वर्षी तेच सुवर्ण पुन्हा जिंकला. वेळ २१.४०, दुसऱ्यापेक्षा फक्त एक शतांश सेकंदाने पुढे. ब्राझीलच्या निकोलस सांतोसने २०१८ मध्ये, ३८व्या वर्षी, छोट्या (२५ मीटर लांबीच्या) तलावातल्या ५० मीटर बटरफ्लायचा विश्वविक्रम केला आणि ४२व्या वर्षी तो याच प्रकारात जगज्जेता झाला. ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन मॅकएव्हॉयने तिशीत २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं, तेही सरावातले पोहण्याचे किलोमीटर बेदम कमी करून आणि ताकदीच्या व्यायामावर भर देऊन.

आता उलट बाजू, कारण ती लपवण्यात अर्थ नाही. लांब पल्ल्याची सम्राज्ञी जॅनेट इव्हान्स २०१२ च्या अमेरिकी निवड चाचणीत चाळिशीत उतरली, ४०० आणि ८०० मीटरमध्ये, आणि प्राथमिक फेरीतच बाहेर पडली. मार्क स्पिट्झने १९९२ च्या ऑलिम्पिकसाठी बेचाळिशीच्या उंबरठ्यावर १०० मीटर बटरफ्लायमध्ये परतायचं ठरवलं. निवड चाचणीची पात्रता वेळसुद्धा त्याला दोन सेकंदांहून जास्त फरकाने हुकली. वय खोटं बोलत नाही. पण ते सगळ्या अंतरांना एकच भाव लावत नाही.

आणि पंचविशीचा आकडा आला कुठून? स्पिट्झ १९७२ ची सात सुवर्णपदकं घेऊन निवृत्त झाला तेव्हा २२ वर्षांचा होता. त्या काळी हौशीपणाचे नियम असे कडक होते, की पोहण्याच्या नावावर पैसे घेतले की ऑलिम्पिकचं दार बंद. कॉलेज संपलं की पोट भरायला दुसरं काहीतरी बघावंच लागायचं. त्यामुळे त्या पिढ्यांमध्ये तिशीतले जलतरणपटू दिसले नाहीत यावरून शरीराबद्दल फार काही सिद्ध होत नाही.

"या वयात इतकी वेळ म्हणजे औषधं", "नाहीतर सूटची कमाल"

हे दोन मुद्दे एकत्रच घेतो, कारण टोरेसच्या बाबतीत ते वेगळे काढता येत नाहीत.

बीजिंग, २००८. महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलची अंतिम फेरी. ब्रिटा स्टेफन २४.०६, डारा टोरेस २४.०७, केट कॅम्पबेल २४.१७. टोरेस ४१ वर्षांची, कॅम्पबेल १६ ची. टोरेस पहिलं ऑलिम्पिक १९८४ मध्ये पोहली, तेव्हा कॅम्पबेलच्या जन्माला आठ वर्षं अवकाश होता. आदल्या रात्री नखं घासायला नको होती, असं टोरेस नंतर गमतीने म्हणाली.

संशय घेणाऱ्यांचा सगळ्यात दमदार पुरावा मात्र मजकुरात कधी दिसत नाही, म्हणून मीच देतो. सिडनीत ३३व्या वर्षी टोरेसची वेळ २४.६३ होती. म्हणजे आठ वर्षांनी म्हातारी होऊन, मधे एका मुलीला जन्म देऊन, ती अर्ध्या सेकंदाहून जास्त वेगवान झाली. ५० मीटरमध्ये अर्धा सेकंद म्हणजे डोंगर. भुवया उंचावणारच.

पण मधला आकडा बघा. ऑगस्ट २००७ मध्ये, चाळिशीत, तिने २४.५३ ची वेळ दिली. सिडनीपेक्षा सुधारणा दहा शतांशांची. उरलेला मोठा तुकडा त्यापुढच्या एका वर्षातला, आणि २००८ च्या फेब्रुवारीत स्पीडो कंपनीचा एलझेडआर रेसर हा पाण्याचा विरोध कमी करणारा स्विमसूट बाजारात आला. त्या सूटने बीजिंगच्या तलावात विश्वविक्रमांचा पाऊस पडला. २०१० पासून असे सूट बंद झाले. पुढे २०१२ च्या निवड चाचणीत, साध्या कापडी सूटमध्ये, ४५ वर्षांच्या टोरेसची वेळ होती २४.८२. हे चारही आकडे एका ओळीत ठेवले की औषधापेक्षा सूटचा हात जास्त स्पष्ट दिसतो. मग दुसरा दावा खरा ठरला का? अर्धाच. सूट एकट्या टोरेसच्या अंगावर नव्हता. सूटने वेळ कमी केली. मधल्या लेनमधल्या सोळा-चोवीस वर्षांच्या मुलींमधला क्रमांक सूटने दिला नाही.

राहिलं डोपिंग. टोरेसने आपण होऊन अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेच्या जादा चाचण्यांसाठी नाव दिलं, रक्ताच्या आणि लघवीच्याही. बीजिंगचे नमुने ऑलिम्पिक समितीने जपून ठेवले होते आणि कित्येक वर्षांनी नव्या पद्धतींनी त्यातले बरेच पुन्हा तपासले. वेटलिफ्टिंग आणि अ‍ॅथलेटिक्समधल्या अनेकांची पदकं त्यात गेली. टोरेसची तिन्ही रौप्यपदकं आजही तिच्या नावावर आहेत. निर्दोष असल्याचा छापील दाखला कोणतीच चाचणी देत नाही, हे मान्य. पण मग तो दाखला १६ वर्षांच्या मुलीकडेही मागायला हवा.

कारण या खेळाचा डोपिंगचा इतिहास तिकडेच बोट दाखवतो. १९७६ च्या माँट्रियलमध्ये पूर्व जर्मनीच्या महिलांनी जलतरणाच्या १३ पैकी ११ सुवर्णपदकं उचलली. त्यातल्या कितीतरी मुली शाळकरी वयाच्या. त्यांना जीवनसत्त्वं म्हणून दिलेल्या निळ्या गोळ्या म्हणजे स्टेरॉइड होतं, हे बर्लिनची भिंत पडल्यावर कागदपत्रांतून आणि बर्लिनच्या खटल्यांतून बाहेर आलं. गंमत अशी, की २०१२ मध्ये लंडनला चीनची ये शिवेन १६ व्या वर्षी जिंकली तेव्हा संशयाच्या कारणांत तिचं *कोवळं* वयही होतं. सोळाव्या वर्षी जिंकलं तरी संशय, एक्केचाळिसाव्या वर्षी जिंकलं तरी संशय.

संशय घेऊच नये असं नाही. आयर्लंडच्या मिशेल स्मिथने १९९६ मध्ये २६ व्या वर्षी तीन सुवर्णपदकं घेतली, तेव्हा लोकांना खटकली ती तिची अचानक उसळलेली कामगिरी. १९९८ मध्ये नमुन्यात फेरफार केल्याबद्दल तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. तिथे प्रश्न उभा राहिला तो वेळांच्या आलेखातून.

टोरेसबद्दल खरा बोचरा प्रश्न वेगळाच आहे: पैसा. तिच्या दिमतीला ताकदीचा प्रशिक्षक, अंग ताणून देणारे दोघे, मालिश करणारे, मुलीला सांभाळणारी आया असा ताफा होता. चाळिशीत शरीर सावरायला वेळ घेतं आणि तो वेळ विकत घ्यावा लागतो. यावर कोणी लिहिलं तर मी आनंदाने पुढे पाठवेन.

"तरुणांची जागा अडवली"

हा सगळ्यात हलका मुद्दा. अमेरिकेत वैयक्तिक शर्यतीच्या जागा चाचणीतल्या पहिल्या दोघांना मिळतात, घड्याळ बघून. २००८ मध्ये टोरेसने १०० मीटर फ्रीस्टाइलही जिंकली होती, आणि त्यातली वैयक्तिक जागा तिने स्वतः सोडली. २०१२ मध्ये ती ५० मीटरमध्ये चौथी आली. नऊ शतांशांनी संघ हुकला, आणि ती घरी गेली.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटरच्या बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक शर्यती पहिल्यांदाच येतायत. सांतोसच्या नशिबी त्या नव्हत्या. तिशीपलीकडची आणखी काही नावं अंतिम फेरीत दिसतील असा माझा अंदाज आहे, आणि हा मजकूर तेव्हाही येईल. फक्त फोटो बदललेला असेल.