चालता येत नाही म्हणून वजन उतरत नाही?

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: अपंग माणसाला चालता येत नाही, म्हणून त्याचं वजन उतरूच शकत नाही, फोनवरून आहार सांगणारे नुसते पैसे उकळतात, त्यापेक्षा रात्रीचं जेवण बंद करा, सकाळी जिऱ्याचं पाणी प्या.

आधी चालण्याचं. वजन मुख्यतः ताटातून उतरतं, व्यायामाचा वाटा कमीच. रोजची दहा हजार पावलं हा आकडाही १९६५ साली जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावावरून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये अपंग प्रौढांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला, आणि त्यात पायच हलले पाहिजेत अशी अट नाही. रबरी पट्टा ओढा, बसून ठोसे मारा. खांदे मात्र सांभाळा; ते दुखावले तर चाकाच्या खुर्चीवरून पलंगावर सरकायलाही दुसरा माणूस लागतो.

मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. मणक्याला इजा झाली की खालचे स्नायू झिजतात, बसल्याजागी कॅलरी कमी जळतात. नेहमीच्या सूत्राने काढलेला कॅलरींचा आकडा अशा माणसाला जास्त पडतो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तोही फसवतो. आपल्याकडे २३ पासून वजन जास्त धरतात, पण स्नायू झिजलेल्या शरीरात त्याच्या आतही चरबी भरपूर असू शकते. गुडघ्याखालचा पाय नसेल तर शरीराचा साधारण ६ टक्के भार काट्यावर येतच नाही, अख्खा पाय नसेल तर १६ टक्के. हा हिशेब न करता डाएट चार्ट देणारा खरंच फसवतोय, मग तो फोनवर असो की एसी क्लिनिकात. पण यातून वजन हळू उतरतं एवढंच निघतं.

आता फोन. अमेरिकेत बाल्टिमोरला ४१५ स्थूल लोकांवर झालेली एक चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी फोन, वेबसाइट आणि ईमेलवरच मदत मिळालेल्यांचं वजन सरासरी ४.६ किलो उतरलं होतं, प्रत्यक्ष भेटीही मिळालेल्यांचं ५.१, आणि आपापलं बघणाऱ्यांचं ०.८. हे लोक अपंग म्हणून निवडलेले नव्हते, तेव्हा आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण ‘फोनवर काही होत नाही’ हे टिकत नाही.

आणि मुंबईत भेटीला जायचं म्हणजे काय? लिफ्ट नसलेल्या इमारतीतून खुर्ची उतरवायला दोन माणसं, त्यांचा खाडा, टॅक्सीभाडं, आणि हे दर आठवड्याला. शिवाय आहार सांगायला बसलं की दवाखान्यात मला ‘तेल थोडंच घालते’ एवढंच ऐकू येतं. लालबागच्या एका काकूंनी व्हिडिओ कॉलवर फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि बोलता बोलता तेलाची बुधली सरळ कढईत तिरकी केली. खुर्चीत त्यांचा मुलगा, पण स्वयंपाक त्यांचा, म्हणजे बोलायचं त्यांच्याशीच. ‘अहो काकू, आठवड्याचं तेल रविवारीच वेगळ्या बाटलीत काढून ठेवा,’ त्या दिवशी एवढंच ठरलं.

जिऱ्याच्या पाण्याने चरबी वितळत नाही. विषय संपला.

रात्री उपाशी राहण्याचा सल्ला मात्र धोक्याचा. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकदम उतरू शकते. दिवसभर बसून असणाऱ्याला बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, टांगती तलवार असते, आणि जखम भरायला प्रथिनं लागतात. भात कमी करा. डाळ, अंडी, मासे नकोत कमी करायला. नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिनने वजन वाढू शकतं, तेही डॉक्टरांना विचारा, गोळी परस्पर बंद करू नका.

‘उभंच राहता येत नाही तर वजन करणार कसं?’ धान्याच्या नाहीतर भंगाराच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर खुर्चीसकट चढा, मग रिकामी खुर्ची तोलून वजा करा. महिन्यातून एकदा पुरे.

फोनवर न होणाऱ्या गोष्टी आहेतच. बसण्याच्या जागी लाल चट्टा आला आणि दाबूनही फिका पडला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि वजन उतरलं की कृत्रिम पायाचं सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, सैल होतं. ते बसवून घ्यायला हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी स्वतःच जावं लागतं.