रोलर, कांद्याचा रस आणि सायनचं नाव

माझ्या भाच्याच्या डोक्यातून पू येत होता आणि तो मला मोबाइल दाखवत होता. "अगं मावशी, पण हे सायन हॉस्पिटलचं आहे!"

राहतो प्रतीक्षानगरला. सायन हॉस्पिटल बसने दहा मिनिटांवर. तिथे जाऊन स्वतःचं डोकं दाखवायला याला सवड नाही, पण तिथल्या नावाने आलेला मेसेज वाचून रोज रात्री डोक्यावर सुया फिरवायला होती. मेसेज आमच्या माहेरच्या ग्रुपवरही तीनदा येऊन गेला, म्हणजे तुमच्याकडेही आला असेलच. नसेल तर थोडक्यात असा: "टक्कल पडतंय? हजारो रुपये वाया घालवू नका. मुंबईच्या सायन हॉस्पिटलने सिद्ध केलेला उपाय घरच्या घरी करा. सुयांचा डर्मा रोलर घ्या. रोज रात्री रक्ताचे बारीक थेंब दिसेपर्यंत डोक्यावर फिरवा. लगेच कांद्याचा रस आणि लिंबू चोळा. कुठल्याही औषधाची गरज नाही. उकळत्या पाण्यातून काढला की एकच रोलर घरातल्या सगळ्यांना वर्षभर चालतो. आनुवंशिक टक्कल, चाई, बाळंतपणानंतरची केसगळती, सगळ्यावर गुणकारी. ९१ टक्के केस परत!"

मी महापालिकेच्या रुग्णालयांत एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काढली, त्यातली निम्मी ड्रेसिंग रूममध्ये. डॉक्टर नाही, त्यामुळे केस कसे उगवायचे ते शिकवायला बसलेले नाही. पण सुई, रक्त आणि पू यांच्यातलं मला कळतं, आणि हा मेसेज मुख्यतः त्यांच्याबद्दलच आहे, केसांबद्दल कमी.

आधी त्यातलं खरं काय ते सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तेच माझ्या तोंडावर मारायला नको. सायनचा अभ्यास खरा आहे. डॉ. रचिता धुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २०१३ साली 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी'मध्ये छापून आला. सुया टोचून केस वाढतात का, याबद्दल जगात कुठेही बोलणं निघालं की त्याचं नाव येतं. आपल्या सायनमध्ये झाला याचा अभिमानही वाटतो. माझ्या लेकीने तो नेटवरून काढून दिला आणि मी चष्मा लावून, अडेल तिथे तिला विचारत, पुरता वाचला. मेसेज लिहिणाऱ्याने काही वाचलेला दिसत नाही.

अभ्यासात शंभर पुरुष होते. सगळ्यांना आनुवंशिक टक्कल, तेही सौम्य ते मध्यम. एकही बाई नाही, एकही चाईचा पेशंट नाही, आणि बाळंतीण तर नाहीच नाही. दोन गट केले. दोन्ही गटांना मिनॉक्सिडिल या केस वाढवायच्या औषधाचं पाच टक्क्यांचं लोशन दिवसातून दोनदा. एका गटाला त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर सुयांचा रोलर. सगळ्यांची डोकी भादरली, केस मोजायचा भाग गोंदून पक्का केला, म्हणजे बारा आठवड्यांनी नेमक्या त्याच जागचे केस मोजता यावेत. मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातला ते सांगितलं नव्हतं.

बारा आठवड्यांनी रोलरवाल्या गटात त्या खुणेच्या जागेतले केस सरासरी ९१.४ ने वाढले. नुसतं लोशन लावणाऱ्यांत २२.२ ने. हे नग आहेत, टक्के नव्हेत! भाजीवालीने कोथिंबिरीच्या ९१ काड्या जास्त दिल्या म्हणून जुडी ९१ टक्क्यांनी वाढत नाही. कुणीतरी तो आकडा उचलला, त्यापुढे 'टक्के' चिकटवलं आणि माझ्या भाच्यासारखी पोरं आरशासमोर उभी राहिली.

आता "औषधाची गरज नाही" घ्या. नुसता रोलर फिरवलेला गट त्या अभ्यासात नव्हताच, औषध दोघांनाही होतं. मग औषधावाचून चालतं हे सायनने सिद्ध केलं म्हणायला तोंड कसं उघडतं? आणि औषध आहे म्हणून टोचल्या टोचल्या चोळायचं, असंही तिथे नाही. रोलर फिरवल्यावर चोवीस तास लोशन बंद ठेवत होते. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा पुढे त्याचं डोक्याला लावायचं औषध झालं. भोकं पाडलेल्या कातडीतून ते जास्त आत जातं. छातीत धडधडायला लागलं, उठताना चक्कर आली, तर नवल नाही.

"रोज" आणि "रक्त दिसेपर्यंत". सायनमध्ये आठवड्यातून एकदा, आणि कुठे थांबायचं? कातडी किंचित लाल झाली की. लाल झाली की बास, असं स्पष्ट लिहिलंय. बारा आठवड्यांत बारा वेळा फिरवायचा तो रोलर भाच्याने सात आठवड्यांत पन्नासच्या आसपास वेळा फिरवला. टोचल्याने फायदा होत असेल तर तो जखम भरताना होतो. कालची भरायच्या आत आज नवी केली तर भरणार काय? ड्रेसिंगला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगायची, खपली काढू नका. आमच्या या भाच्याने, पिंट्याने, घरी खपल्या काढायचं यंत्रच आणलं.

कांद्याचं थोडक्यात उरकते. कांद्याच्या रसावर २००२ साली बगदादच्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास आलाय. रस लावणाऱ्या २३ जणांपैकी २० जणांचे केस सहा आठवड्यांत आले. पण ते चाईचे पेशंट, म्हणजे नाण्याएवढे गोल चट्टे पडलेले, ज्यातले बरेच आपोआपही भरतात. रस धड कातडीवर लावला होता, सुयांनी सोललेल्या नव्हे. एवढ्या पुण्याईवर कांदा आनुवंशिक टकलाचा वैद्य झाला. लिंबाबद्दल तर काय बोलावं. चेहऱ्यावर सुया फिरवून लगेच सी जीवनसत्त्वाचं सीरम चोळलेल्या बायकांच्या कातडीत लाल गाठी उठल्याची नोंद डॉक्टरांनी केलेली आहे, आणि ते सीरम निदान बाटलीतलं होतं. हे लिंबू पोह्यांवर पिळून उरलेलं.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. "एकच रोलर घरातल्या सगळ्यांना."

भाच्याला मी आधी विचारलं, ताप आहे का. होता. कानामागे हात लावून पाहिला तर अवधाण आलेलं. मग विचारलं, हा रोलर आणखी कुणी वापरलाय? तो गप्प. ताईच म्हणाली, "हे पण फिरवतात ना रविवारी." भाऊजींना पंधरा वर्षांची शुगर, वर हृदयाचं झाल्यापासून रक्त पातळ करायच्या गोळ्या. हा माणूस डोक्यावर सुया फिरवून रक्ताचे थेंब काढत होता आणि उशीच्या अभ्र्याला डाग का पडतात म्हणून ताई धोबिणीला बोलत होती! मी विचारलं, अजून कुणी? बऱ्याच वेळाने उत्तर आलं. जिममधल्या मित्राने दोन दिवस नेला होता. त्याने तरी आणखी कुणाला दिला का, ते देव जाणे.

वॉर्डात एखाद्या सिस्टरला पेशंटची वापरलेली सुई टोचली की काय धावपळ होते ते बाहेरच्यांना माहीत नसतं. एकच सुई, एकदाच. जागा साबणाने धुवायची, लगेच कळवायचं, पेशंटचं रक्त तपासायला पाठवायचं, आपलंही. मग गोळ्या लागतील का, लस घेतलेली होती का, कधी, याची चौकशी. पेशंटला हिपॅटायटिस बी असेल आणि टोचलेल्या सिस्टरने लस घेतलेली नसेल, तर लागण होण्याची शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत धरतात. एचआयव्हीसाठी हजारात तीन. मला स्वतःला दोनदा टोचलीय. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे जातात ते विचारू नका; नवऱ्यासमोर हसायचं आणि बाथरूममध्ये रडायचं. आणि इथे पोरं एका चाकावरच्या शेदोनशे सुया आलटूनपालटून डोक्यात रुतवतात, कंगवा मागावा तशा.

रोलरच्या सुया भरीव असतात, इंजेक्शनच्या सुईसारख्या पोकळ नाहीत, म्हणून रक्त कमी जातं, हे मान्य. पण हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवसही तग धरतो. भाऊजी रविवारी फिरवायचे आणि पिंट्या सोमवारी. न्यू मेक्सिकोमध्ये एका विनापरवाना स्पामध्ये २०१८च्या सुमारास सुया टोचून रक्ताचं फेशियल करून घेतलेल्या बायकांना एचआयव्ही झाला, हे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २०२४ साली छापलंय. टकलापायी नाही, चेहरा उजळायला गेल्या होत्या. सुयांना त्याने काय फरक पडतो.

"उकळून घेतो ना पण मावशी." हो रे बाबा. मी नोकरीला लागले तेव्हा आम्हीही काचेच्या सिरिंजा उकळायचो. मुद्दाम सांगते, कारण कुणीतरी आजी हे सांगणारच. उकळण्याने पुष्कळ जंतू मरतात, पण सगळे नाही; काही जंतूंचे बीजाणू शंभर डिग्रीला ढिम्म हलत नाहीत. म्हणून ऑटोक्लेव्ह. पंधरा पौंडांचा दाब, १२१ डिग्री वाफ, ठरलेली मिनिटं. सामान भरलेल्या ड्रमवरच्या टेपच्या रेघा वाफेने काळ्या झाल्या नाहीत तर आमची इन्चार्ज सिस्टर ड्रम परत पाठवायची. आणि तिथेही पहिला नियम हाच, की आधी घासून स्वच्छ करायचं, कारण वाळलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ पोचत नाही. आता तो रोलर बघा. प्लास्टिकच्या चाकात दाटीवाटीने रोवलेल्या सुया, मधे ब्रश जात नाही, आणि उकळत्या पाण्यात प्लास्टिक मऊ पडून सुया हलायला लागतात. मी भिंग घेऊन पाहिला. तीन ओळींची टोकं वाकलेली, मधे केस, रक्त आणि कांद्याचा चोथा. वाकलेली सुई टोचत नाही, फाडते. पिंट्याच्या डोक्यावर त्या रेघा दिसत होत्या.

(कुणी कुकरचं सुचवायच्या आत सांगते. नका. त्याच कुकरमध्ये उद्या वरण लावायचंय.)

"सगळ्या प्रकारच्या केसगळतीवर" याबद्दल दोनच वाक्यं बोलणार होते, पण पिंट्याचंच उदाहरण समोर आहे. त्याला ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला. दिवाळीच्या आसपास केस हातात यायला लागले. मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेक वेळा आपले आपण येतात. त्या वेळी रोलर फिरवा, कांदा लावा, नाहीतर वडाला फेऱ्या घाला, श्रेय त्यालाच मिळणार. मेसेजखाली "मला फरक पडला" म्हणणाऱ्यांत असे किती असतील! बरं, भाऊजींचं कपाळही थोडं पिंट्याकडे आलंय, ते नाकारत नाही. स्थळं बघणं चालू आहे, फोटोत पुढचे केस विरळ दिसतात, पोरगं हवालदिल आहे. पण यातलं किती डेंग्यूचं आणि किती बापाचं, हे पाहायला डॉक्टर डोकं बघतात. डोक्यात नायटा असेल आणि वरून रोलर फिरवला तर तो अख्ख्या टाळूवर पेरला जातो. सोरायसिस असेल तर टोचल्या जागी नवे चट्टे उठतात. मेसेजमध्ये "आधी दाखवून घ्या" एवढं एक वाक्य घालायला जागा नव्हती. पाच हात जोडलेले आणि तीन गुलाब मात्र होते.

हजारो रुपये वाचवा म्हणतात, तेही बघा. खासगी दवाखान्यात सुया टोचून घ्यायला भरपूर पैसे लागतात, ही रड खोटी नाही आणि म्हणूनच मेसेज पळतो. पण ज्या हॉस्पिटलचं नाव वापरलंय ते महापालिकेचं आहे. सकाळी रांगेत उभं राहायचं, केसपेपर काढायचा, स्किन ओपीडीत बसायचं. केसांसाठी केसपेपर, एवढं साधं. गर्दी असते, अर्धा दिवस जातो, हो. रात्री आरशासमोर उभं राहून पिंट्याने त्याहून जास्त वेळ घालवला.

त्याला मी दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. पुवाचा नमुना घेतला, अँटिबायोटिक सुरू झालं, रोलर बंद. बापलेकांची रक्तं हिपॅटायटिस आणि एचआयव्हीसाठी दिली. पहिले रिपोर्ट बरे आलेत, पण लागण नवी असली तर इतक्या लवकर दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा. लस दोघांनीही घेतलेली नव्हती. पहिला डोस झाला, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. ताप उतरलाय. मधल्या दोन ठिकाणी कातडी गुळगुळीत चकचकीत झालीय, तिथे आता केस येणं कठीण दिसतं असं डॉक्टर म्हणाले. ताईला ते अजून सांगितलेलं नाही.

रोलर मी जाड प्लास्टिकच्या बरणीत घालून, झाकणाला टेप मारून, हॉस्पिटलच्या सुयांच्या कचऱ्यात टाकायला दिला. जिममधल्या मित्राला पिंट्याने चार दिवसांत सहा फोन केले. एकदाच उचलला. म्हणाला, मला काही होत नाहीये, आणि मी आता स्वतःचा घेतलाय.